अर्धा वाटा

१९२३ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस कॅनडातील टोरांटो शहराहून अमेरिकेतील बॉस्टन शहरी एक तार गेली. ती पाठवणारे डॉक्टर फ्रेडरिक बँटिंग यांना नुकतेच वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले होते. त्यांचे वय त्या वेळी अवघे एकतीस वर्षांचे होते. वैद्यकातील हे पारितोषिक इतक्या लहान वयात त्यांच्यापूर्वी कोणाला मिळाले नव्हते, आणि आजवरही मिळालेले नाही. परंतु त्या तारेत आनंदाचा एकही शब्द नव्हता. या शोधात चार्ल्स बेस्ट यांचा वाटा आपल्या बरोबरीचा आहे, पारितोषिक देणाऱ्यांनी तो मानला नाही याचे आपणांस दुःख होते, आणि जे मिळेल त्यात आपण बेस्ट यांना वाटेकरी करणार आहोत, एवढाच तिचा आशय होता. बेस्ट त्या वेळी बॉस्टनला होते. तार मात्र त्यांच्या नावाने आली नव्हती. ती तेथील प्रसिद्ध मधुमेहतज्ज्ञ डॉक्टर जोसलिन यांच्या नावाने आली होती, आणि कोणत्याही सभेत अथवा भोजनप्रसंगी ती सर्वांसमक्ष वाचून दाखवावी, अशी तिच्यात विनंती होती.

ज्या शोधासाठी हे पारितोषिक मिळाले, तो शोध इन्शुलिन या औषधाचा होय.

आपण खातो त्या भाकरीची, भाताची आणि फळांची पोटात गेल्यावर साखर बनते, आणि ती रक्तावाटे शरीराच्या सर्व भागांस पोहोचते. शरीराला तिचा उपयोग करून घेता आला नाही, तर ती रक्तात साचत जाते आणि लघवीवाटे वाया जाते. पुढ्यात अन्न असूनही देह उपाशी राहतो. या रोगाला मधुमेह म्हणतात. लहान वयात जडणारा मधुमेह १९२२ सालापूर्वी बहुधा प्राणघातकच ठरत असे. डॉक्टरांच्या हाती उपाय एकच होता : रोग्याला जगण्यापुरते, किंबहुना त्याहूनही कमी अन्न द्यायचे. त्यामुळे मरण काही महिने, क्वचित एखाददोन वर्षे लांबत असे. मुले हाडांचा सापळा होऊन रुग्णालयात पडून राहत, आणि आईबापांना त्यांच्या हातून घास काढून घ्यावा लागे.

या रोगाचे मूळ कोठे आहे, याचा सुगावा १८८९ साली लागला होता. जठराच्या मागच्या बाजूस स्वादुपिंड नावाचा एक अवयव असतो. फोन मेरिंग आणि मिंकोव्हस्की या दोन शास्त्रज्ञांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा त्या कुत्र्याला मधुमेह झाला. अन्न पचवणारा रस तयार करणे हे स्वादुपिंडाचे काम सर्वांस ठाऊक होते. त्याच अवयवात पेशींचे लहान लहान पुंजके बेटांसारखे विखुरलेले असतात, हे लँगरहान्स नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ सालीच पाहून ठेवले होते. तेव्हा साखरेवर नियंत्रण ठेवणारे काही द्रव्य या बेटांतून निघत असावे, असा तर्क पुढे आला. अनेकांनी ते द्रव्य वेगळे काढण्याचे प्रयत्न केले. परंतु कोणाच्या अर्काने जनावरे आजारी पडत, तर कोणाचे प्रयोग अर्धवटच राहून जात.

बँटिंग हे ऑन्टॅरिओ प्रांतातील एका शेतकऱ्याचे पुत्र. त्यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी झाला. हा दिवस आपल्याकडे बालदिन म्हणून साजरा होतो, आणि १९९१ सालापासून जगभर मधुमेह दिन म्हणूनही पाळला जातो. पहिल्या महायुद्धात सैन्यात डॉक्टर म्हणून काम करीत असता त्यांच्या हाताला जखम झाली, आणि शौर्याबद्दल त्यांना पदकही मिळाले. युद्धानंतर १९२० साली लंडन नावाच्या गावी त्यांनी दवाखाना उघडला. हे लंडन इंग्लंडातील नव्हे, कॅनडातील. दवाखाना चालेना. पहिल्या महिन्याची कमाई चार डॉलर झाली. पोटासाठी त्यांनी तेथील वैद्यकीय विद्यालयात थोडी शिकवणी पत्करली. ३० ऑक्टोबरच्या रात्री दुसऱ्या दिवसाच्या पाठाची तयारी करीत असता एक लेख त्यांच्या वाचनात आला, आणि मध्यरात्र उलटल्यावर उठून त्यांनी वहीत चार ओळी खरडल्या. स्वादुपिंडाची रस वाहून नेणारी नळी बांधून टाकली, तर पाचक रस तयार करणारा भाग झिजून जाईल आणि बेटे तेवढी शिल्लक राहतील. मग त्यांचा अर्क काढता येईल, अशी ती कल्पना होती.

कल्पना सुचणे ही एक गोष्ट झाली. तिच्यासाठी प्रयोगशाळा हवी, जनावरे हवीत, रक्तातील साखर मोजू शकणारा जाणकार मनुष्य हवा. यांपैकी बँटिंग यांच्याजवळ काहीही नव्हते. ते टोरांटो विद्यापीठातील प्राध्यापक जॉन मॅक्लाउड यांच्याकडे गेले. मॅक्लाउड हे मूळचे स्कॉटलंडचे. शरीरातील साखरेच्या घडामोडी हा त्यांच्या अभ्यासाचा विषय, आणि त्या विषयात त्यांचे नाव दूरवर पोहोचलेले. समोर बसलेल्या तरुण शस्त्रवैद्याचे या विषयातील वाचन तोकडे आहे, हे त्यांच्या लगेच ध्यानात आले. तरी त्यांनी नकार दिला नाही. पुढच्या उन्हाळ्यापुरती एक खोली, काही कुत्री आणि मदतीला एक विद्यार्थी देण्याचे त्यांनी कबूल केले.

मदतीसाठी विद्यार्थी दोन होते. चार्ल्स बेस्ट आणि क्लार्क नोबल अशी त्यांची नावे. (नोबेल पारितोषिकाशी या नावाचे साम्य केवळ योगायोगाचे आहे.) उन्हाळ्याचा काळ दोघांनी वाटून घ्यावा असे ठरले, आणि पहिली पाळी कोणाची हे ठरवण्यासाठी त्यांनी नाणे उडवले. पाळी बेस्ट यांच्याकडे आली. पुढे बदलीची वेळ आली तेव्हा बेस्ट यांचा हात कामात चांगला बसला होता. म्हणून नोबल यांनी आपली पाळी सोडून दिली, आणि बेस्टच कामावर राहिले.

१७ मे १९२१ रोजी कामास आरंभ झाला. काही आठवड्यांनी मॅक्लाउड सुटीसाठी स्कॉटलंडला गेले. बेस्ट त्या वेळी बावीस वर्षांचे होते. दोघांनाही वेतन नव्हते. त्या वर्षीचा टोरांटोचा उन्हाळा फार कडक होता; छपराखालच्या खोलीत शस्त्रक्रिया करताना घामाच्या धारा लागत. पहिल्या काही आठवड्यांत बरीच कुत्री दगावली. दोघांचे प्रथम प्रथम जमलेही नाही. बेस्ट यांच्या मोजमापात हयगय होते, काचेची भांडी अस्वच्छ राहतात, असे बँटिंग यांना वाटले आणि त्यांनी बेस्ट यांना चांगलेच फैलावर घेतले. बेस्ट यांनी ती सारी रात्र भांडी घासण्यात घालवली, आणि सकाळी प्रयोगशाळेतील प्रत्येक नळी लखलखीत होती. बँटिंग यांनी हा प्रसंग पुढे स्वतःच लिहून ठेवला आहे. त्या दिवसापासून दोघांत पुन्हा कधी कामाची शंका राहिली नाही.

कामाची वाटणी आपोआप झाली. शस्त्रक्रिया बँटिंग करीत, रक्ताची आणि लघवीची तपासणी बेस्ट करीत. एकाच्या हातावाचून दुसऱ्याचे काम व्यर्थ होते. शस्त्रक्रिया कितीही सफाईने केली, तरी रक्तातील साखर उतरली की नाही हे कोण सांगणार? ३० जुलै रोजी ४१० क्रमांकाच्या कुत्र्याला त्यांनी आपला अर्क टोचला. तासाभरात १०० घनसेंटिमीटर रक्तातील साखर २०० मिलिग्रॅमवरून १२० मिलिग्रॅमवर आली. ते कुत्रे वाचले नाही. पण अर्कात काहीतरी आहे, हे त्याने दाखवून दिले. नंतरच्या एका कुत्रीला तर ते अर्काच्या बळावर सुमारे ७० दिवस जगवू शकले. शास्त्राच्या कागदपत्रांत जनावरांना क्रमांक असतो. हिचा क्रमांक ३३ होता. पण प्रयोगशाळेत तिला सगळे मार्जोरी या नावाने हाक मारीत.

सप्टेंबरात मॅक्लाउड परतले, आणि येथून कामात एक कडवटपणा शिरला. मॅक्लाउड यांनी निकाल पाहून समाधान मानले नाही. हे पुन्हा करून पाहा, ते अन्य रीतीने ताडून पाहा, असा त्यांनी आग्रह धरला. शास्त्रात हा आग्रह योग्यच होता. परंतु उन्हाळाभर राबलेल्या बँटिंग यांना त्यात अविश्वास दिसला. त्यांनी वेतन मागितले, बरी जागा मागितली, कुत्र्यांची देखभाल करण्यास एक माणूस मागितला. शब्दाला शब्द वाढला. मॅक्लाउड यांनी अखेरीस बहुतेक गोष्टी दिल्या. पण मनात पडलेली अढी तशीच राहिली.

डिसेंबर महिन्याच्या अखेरीस न्यू हेवन येथे शास्त्रज्ञांची परिषद भरली. तेथे बँटिंग यांनी आपले काम मांडले. एवढ्या विद्वानांसमोर बोलण्याची त्यांना सवय नव्हती. वाणी अडखळू लागली. श्रोत्यांनी अवघड प्रश्न विचारले, तेव्हा अध्यक्षस्थानी असलेले मॅक्लाउड मदतीस आले आणि त्यांनी उत्तरे दिली. उत्तरे देताना ते सहज “आम्ही केले, आम्हांस आढळले” असे बोलून गेले. विभागप्रमुखाने असे बोलणे हा त्या जगातील रिवाजच आहे. बँटिंग यांच्या काळजाला मात्र तो शब्द झोंबला. उन्हाळ्यात कोण होते येथे ‘आम्ही’, असा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन निराळे शब्द आहेत. ऐकणाऱ्याला आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे, हे बोलणारा त्यांवरून दाखवू शकतो. इंग्रजीत या दोहोंसाठी एकच शब्द आहे. त्या एका शब्दाचा अर्थ दोघांनी दोन प्रकारे घेतला, आणि परतीच्या प्रवासात बँटिंग यांना झोप लागली नाही.

याच मॅक्लाउड यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या संशोधनावरील पहिला मोठा निबंध १९२२ सालच्या फेब्रुवारीत छापला गेला. त्यावर बँटिंग आणि बेस्ट अशी दोनच नावे आहेत. आपले नाव घालण्यास मॅक्लाउड यांनी नकार दिला होता, कारण ते काम त्या दोघांचे होते. प्रयोगशाळेच्या प्रमुखाने आपले नाव मागे ठेवणे ही तेव्हाही नित्याची गोष्ट नव्हती आणि आजही नाही. दुसऱ्याच्या कामाची कदर अशी न बोलताही करता येते. परंतु न बोलता केलेली कदर पुष्कळदा समोरच्याच्या लक्षातच येत नाही. बँटिंग यांच्याही ती आली नाही.

अर्क कुत्र्याला चालतो. मनुष्याला चालेल काय? टोरांटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्प्सन नावाचा चौदा वर्षांचा मुलगा शेवटच्या घटका मोजीत होता. त्याचे वजन सुमारे ३० किलोग्रॅमवर आले होते. ११ जानेवारी १९२२ रोजी त्याला बँटिंग आणि बेस्ट यांनी तयार केलेला अर्क टोचण्यात आला. साखर थोडी उतरली. पण अर्कात अशुद्ध द्रव्ये फार होती, टोचलेल्या जागी गळू झाले, आणि डॉक्टरांनी उपचार थांबवले. दोघांचे आठ महिन्यांचे कष्ट एका गळवापाशी येऊन थबकले.

येथे चौथा माणूस पुढे येतो. जेम्स कॉलिप हे आल्बर्टा विद्यापीठातील जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक, अभ्यासासाठी टोरांटोस आलेले. बँटिंग यांच्याच इच्छेवरून मॅक्लाउड यांनी त्यांना डिसेंबरात या कामात घेतले होते. मद्यार्काचे प्रमाण थोडे थोडे वाढवीत नेले, तर एका टप्प्यावर नको असलेली द्रव्ये खाली बसतात, आणि पुढच्या टप्प्यावर हवे असलेले द्रव्य वेगळे होते, ही युक्ती त्यांनी रात्रंदिवस खपून शोधून काढली. २३ जानेवारी रोजी कॉलिप यांचा शुद्ध अर्क लेनर्डला टोचला. एका दिवसात त्याच्या रक्तातील साखर ५२० वरून १२० पर्यंत खाली आली. मुलगा उठून बसला. तो आणखी तेरा वर्षे जगला.

अशा प्रसंगी चौघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या असतील, असे कोणालाही वाटेल. घडले ते उलटेच. युक्ती सापडल्यावर कॉलिप यांनी ती बँटिंग आणि बेस्ट यांना सांगण्याचे नाकारले. बँटिंग यांचा तोल सुटला, प्रकरण हातघाईवर आले, आणि आपण मध्ये पडून त्यांना आवरले, असे बेस्ट यांनी पुष्कळ वर्षांनी लिहिले आहे. २५ जानेवारी रोजी एक करार करण्यात आला. चौघांपैकी कोणीही एकट्याने या औषधाचे हक्क आपल्या नावावर करून घेऊ नयेत, आणि सर्वांनी मिळून काम करावे, असे त्यात लिहिले होते. चौघांनी सह्या केल्या. जे आपसांतील विश्वासाने व्हायचे, ते कागदावर लिहून घ्यावे लागले. करार झाला हे बरे झाले, कारण थोड्याच आठवड्यांत एक विलक्षण संकट आले. अर्क मोठ्या प्रमाणावर काढू लागताच तो निघेनासा झाला. कॉलिप यांच्या हातून त्यांचीच युक्ती निसटली! वसंत ऋतूत कित्येक आठवडे औषध नव्हते, आणि रुग्णालयातील रोगी वाट पाहत होते. तेव्हा सगळ्यांनीच पुन्हा हात घातला. बेस्ट यांनी तर औषधनिर्मितीचे काम पुढे स्वतःच्या अंगावर घेतले.

३ मे १९२२ रोजी वॉशिंग्टन येथे मॅक्लाउड यांनी सर्व संशोधनाचा वृत्तांत वाचला. लॅटिन भाषेत बेटाला ‘इन्सुला’ म्हणतात. त्यावरून औषधाला ‘इन्शुलिन’ हे नाव त्यांनी दिले. वृत्तांतावर सात जणांची नावे होती. बँटिंग, बेस्ट, कॉलिप आणि मॅक्लाउड यांच्यासह, मुलाला औषध देणारे रुग्णालयातील डॉक्टर कॅम्पबेल आणि फ्लेचर, आणि सातवे नाव क्लार्क नोबल यांचे. नाणे उलटे पडल्यामुळे ज्यांची पाळी हुकली, ते नोबल दरम्यान या कामात येऊन मिळाले होते. सभेतील सर्व डॉक्टरांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या ऐकण्यास बँटिंग आणि बेस्ट तेथे नव्हते. ते मुद्दामच गेले नव्हते.

औषधाचे हक्क बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांच्या नावे होते. त्यांनी ते टोरांटो विद्यापीठाला देऊन टाकले, आणि त्याबद्दल प्रत्येकाने एकेक डॉलर घेतला. ज्या औषधासाठी लक्षावधी रोगी डोळे लावून बसले होते, त्याची ही किंमत. पैशाच्या बाबतीत या तिघांत एका शब्दाचाही वाद झाला नाही. वाद होता तो फक्त श्रेयाचा.

तो मिटावा म्हणून विद्यापीठाच्या कारभारी मंडळातील कर्नल अल्बर्ट गुडरहॅम यांनी १९२२ सालच्या सप्टेंबरात एक उपाय योजला. बँटिंग, बेस्ट आणि मॅक्लाउड या तिघांनी शोधाची हकीकत आपापल्या परीने लिहून द्यावी, असे त्यांनी सुचवले. तिघांनी लिहिली. तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसले ते असे, की घटना साधारण त्याच आहेत. परंतु प्रत्येकाला स्वतःचे कष्ट जवळून दिसतात आणि दुसऱ्याचे दुरून. यात खोटेपणा कोणाचाच नव्हता. ज्याने रात्रभर जागून कुत्र्याची शुश्रूषा केली, त्याला ती रात्र आठवते. ज्याने त्याच वेळी प्रयोगातील चूक दाखवून पत्र लिहिले, त्याला ते पत्र आठवते. सर्वांना एकत्र बसवून एकच हकीकत तयार करावी, असा कर्नलसाहेबांचा मानस होता. तो सिद्धीस गेला नाही.

आणि मग १९२३ सालचे नोबेल पारितोषिक आले. ते बँटिंग आणि मॅक्लाउड या दोघांना विभागून देण्यात आले. या पारितोषिकाचा विचार व्हायचा, तर आधी कोणीतरी अधिकारी व्यक्तीने नाव सुचवावे लागते. डेन्मार्कमधील शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी टोरांटोस जाऊन काम पाहिले होते, आणि त्यांनी ही दोन नावे सुचवली होती. बेस्ट आणि कॉलिप यांची नावे कोणी सुचवलीच नव्हती. त्यामुळे त्यांचा विचार होण्याचाही प्रश्न आला नाही.

आपल्या नावाशेजारी मॅक्लाउड यांचे नाव पाहून बँटिंग संतापले. पारितोषिक नाकारतो, असे ते म्हणू लागले. गुडरहॅम यांनीच त्यांना समजावले. कॅनडातील मनुष्याला हे पारितोषिक पहिल्यांदाच मिळत आहे, आणि ते नाकारले तर देशाला काय वाटेल, असे त्यांनी विचारले. बँटिंग शांत झाले. त्यानंतर त्यांनी बॉस्टनला ती तार पाठवली.

त्या तारेत कृतज्ञता आणि राग दोन्ही होते, हे लपवण्याचे कारण नाही. मॅक्लाउड यांना हिणवण्याची इच्छा तिच्यामागे मुळीच नव्हती, असे म्हणता येणार नाही. तरीही त्या तारेचे मोल कमी होत नाही. ज्या विद्यार्थ्याला आपण एके दिवशी भांड्यांवरून रागावलो होतो, ज्याने वेतनावाचून उन्हाळाभर नळ्या हाती धरल्या, त्याचे नाव जग विसरण्याच्या बेतात आहे हे बँटिंग यांनी पाहिले, आणि ते एक दिवसही थांबू शकले नाहीत. मनातल्या मनात आभार मानणे त्यांना पुरेसे वाटले नाही. बेस्ट ज्या लोकांत बसले आहेत, त्यांच्या कानांवर ते पडले पाहिजे होते. आणि शब्दांना त्यांनी रोख रकमेची जोड दिली.

बँटिंग यांचा मनोदय जाहीर झाल्यावर थोड्याच दिवसांत मॅक्लाउड यांनीही कळवले की, आपण आपल्या हिश्शाचे अर्धे कॉलिप यांना देत आहोत. त्यांनी त्यासाठी सभेत वाचण्याजोगी तार केली नाही. एकूण पारितोषिकाचे असे चार समान भाग झाले. स्टॉकहोमच्या मंडळाने दोघांना दिलेले धन टोरांटोच्या चौघांना मिळाले. सुवर्णपदके मात्र दोनच होती, आणि नोबेल पारितोषिक मिळालेल्यांच्या यादीत आजही नावे दोनच आहेत.

एक जण अर्धा वाटा देतो आणि दुसराही देतो. परंतु दोघांनी एकमेकांचे आभार मानल्याचे कोठे दिसत नाही. बँटिंग यांना खोली, कुत्री आणि बेस्ट यांच्यासारखा सहायक मिळाला तो मॅक्लाउड यांच्यामुळे. त्यांनी प्रयोग पुन्हा पुन्हा करावयास लावले म्हणून निकाल टिकले. कॉलिप यांना त्यांनी कामात घेतले म्हणून लेनर्ड वाचला. याची कबुली बँटिंग यांच्या तोंडून कधी पुरती आली नाही. नळी बांधण्याची त्यांची मूळ कल्पना तर पुढे अनावश्यकच ठरली. सबंध स्वादुपिंडातूनही इन्शुलिन काढता येते, असे त्या चमूलाच त्याच वर्षी आढळून आले. त्या चुकीच्या कल्पनेमागे ते हट्टाने लागले नसते, तर मॅक्लाउड यांच्या सर्व ज्ञानाचा या रोग्यांना त्या वेळी उपयोग झाला नसता, हेही तितकेच खरे. कोणाचा भाग किती, हे तराजूत घालून सांगणे अवघड आहे.

१९२८ साली मॅक्लाउड टोरांटो सोडून आपल्या मायदेशी, स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे, परतले. टोरांटोतील त्यांच्या जागेवर पुढच्या वर्षी प्राध्यापक म्हणून बेस्ट यांची नेमणूक झाली. मॅक्लाउड १९३५ साली वारले. त्याच वर्षी लेनर्ड थॉम्प्सनही न्यूमोनियाने गेला.

बँटिंग आणि कॉलिप यांची मात्र पुढे चांगली मैत्री जमली. हातघाईपर्यंत गेलेले हे दोघे कॅनडाच्या वैद्यकीय संशोधन समितीवर खांद्याला खांदा लावून काम करीत. बँटिंग तिचे अध्यक्ष होते. दुसरे महायुद्ध चालू असता, १९४१ सालच्या फेब्रुवारीत, ते इंग्लंडकडे निघाले होते. त्यांचे विमान न्यूफाउंडलंड बेटावर कोसळले, आणि त्यात त्यांचा अंत झाला. त्यांची समिती कॉलिप यांनी सांभाळली, आणि मित्राच्या मृत्यूनंतर त्याच्या कार्यावर लेखही लिहिला. मद्यार्काच्या त्या युक्तीची आणि स्वतःच्या श्रेयाची चर्चा कॉलिप यांनी चारचौघांत फारशी कधी केली नाही.

मॅक्लाउड यांनी १९२२ साली लिहून दिलेली हकीकत १९७८ साली वैद्यकाच्या इतिहासाला वाहिलेल्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाली. १९८२ साली टोरांटोचे इतिहासकार मायकेल ब्लिस यांनी सर्वांच्या वह्या, पत्रे आणि निवेदने तपासून या शोधाचा ग्रंथ लिहिला, तेव्हा मॅक्लाउड आणि कॉलिप यांच्या कामाची वाचकांना नीट ओळख झाली. पारितोषिकाला शंभर वर्षे झाली त्या वर्षी, म्हणजे २०२३ साली, ॲबर्डीनच्या एका उद्यानात प्राध्यापक जॉन मॅक्लाउड यांचा पुतळा बसवण्यात आला.